वाचकांचे प्रश्न : तळाशी आमिष, पाण्यावर फ्लोट

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि तिथल्या तळ्यांवर गळ टाकू लागलेल्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा रोख कार्प आणि टेंच या तळाशी चरणाऱ्या दोन माशांवर आणि फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बूच, लावून त्यांना पकडण्याच्या पद्धतीवर आहे. एक पत्र मुंबईहून आले आहे. विषय तोच असल्यामुळे त्यालाही येथेच उत्तर दिले आहे.

प्रश्न : एका सहकाऱ्यामुळे मी क्लबच्या तळ्यावर टेंच पकडायला जाऊ लागलो. लहानपणी गावच्या ओढ्यावर ‘बूच बुडाले की काठी उचलायची’ एवढेच शिकलो होतो. येथे माझा फ्लोट बुडतच नाही. तो थरथरतो, मग हळूहळू वर येतो आणि पाण्यावर आडवा पडतो. मी तो बुडण्याची वाट पाहतो आणि शेवटी दोरी ओढून पाहावी तर गळावर मक्याचा दाणा नसतो. माझे काय चुकते आहे? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपला फ्लोट आडवा पडतो तेव्हा आमिष टेंचच्या तोंडात असते. आपण ज्या खुणेची वाट पाहता ती खूण येऊन गेलेली असते. आपल्या सहकाऱ्याने ज्या रीतीने वजनाची गोळी लावून दिली असावी, तिला इंग्लंडमध्ये ‘लिफ्ट’ पद्धत म्हणतात आणि १९५०च्या दशकात फ्रेड जे. टेलर व त्यांच्या घरच्या मंडळींनी ती टेंचसाठी घासूनपुसून तयार करून सर्वदूर नेली. या पद्धतीत फ्लोट वर उठणे हीच मुख्य खूण असते. तो बुडाला तर तो अपवाद समजावा.

असे का होते, हे एकदा नीट समजून घेतले म्हणजे पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. टेंच तळावरचा दाणा उचलताना डोके खाली आणि शेपूट वर अशा तिरक्या स्थितीत असतो. दाणा तोंडात घेतल्यावर तो पुन्हा सरळ, आडव्या स्थितीत येतो आणि तेवढ्या हालचालीत त्याचे तोंड तळापासून काही इंच वर जाते. गळापासून दोन ते चार इंचांवर आपण वजनाची एकच गोळी दाबून बसवलेली असेल, तर त्याला दाण्याबरोबर ती गोळीही उचलावी लागते. आता वर काय चालले आहे ते पाहा. फ्लोट त्याच्या खालच्या टोकालाच तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, जोडलेला असतो, फ्लोट आणि गळ यांतले अंतर पाण्याच्या खोलीपेक्षा थोडे जास्त ठेवलेले असते आणि गोळी फ्लोटच्या तरंगण्याच्या ताकदीपेक्षा किंचित जड असते. आमिष टाकल्यावर फ्लोट प्रथम आडवा किंवा अर्धवट तिरका राहतो. मग काठी टेकणीवर ठेवून रीळ अगदी सावकाश गुंडाळले की तळावरची गोळी नांगरासारखी धरून राहते, तंगूस ताणला जातो आणि फ्लोट उभा होत होत खाली खेचला जाऊन त्याचे केवळ टोक वर उरते. म्हणजे तो तेथे तरंगत नसतो, त्याला ओढून धरलेले असते. माशाने गोळी उचलली की धरणारे कोणी उरत नाही, फ्लोट मोकळा होतो, वर येतो आणि कलंडतो. गोळी दोन इंच वर गेली तर फ्लोटही साधारण तेवढाच वर येतो. दांडीवर रंगाचे पट्टे असतील, तर तळाशी चाललेली हालचाल आपल्याला जवळजवळ मोजून पाहता येते. तळाशी चरणाऱ्या माशासाठी इतकी बोलकी दुसरी मांडणी मला माहीत नाही.

आता काठी केव्हा उचलायची? फ्लोट ठामपणे वर चढत असतानाच उचलावी. आडवा पडून स्थिरावेपर्यंत थांबू नये. मात्र नुसत्या थरथरीला प्रतिसाद देऊ नये. टेंच आणि कार्प या दोघांनाही जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि आमिष चिरडण्याचे काम तेथे होते. टेंच तर दाणा ओठांनी चाचपतो, आत घेतो, बाहेर टाकतो, पुन्हा घेतो. ही सारी चाळवाचाळव वर सूक्ष्म कंपनांच्या रूपाने दिसते. कधी कधी तर मासा आमिषाजवळही नसतो आणि त्याचा पर तंगुसाला घासून गेल्यामुळेच फ्लोट डुचमळतो. अशा वेळी झटका दिला तर गळ माशाच्या अंगात रुततो किंवा सारा कळप उधळतो. हात काठीजवळ, नजर टोकावर आणि मन शांत, एवढे जमले की पुरे.

तरीही मासे निसटत असतील, तर काठी बदलण्याआधी गोळीचे अंतर बदलून पाहावे. गोळी फूटभर दूर असेल तर मासा तिला न उचलताच सरळ होतो आणि वर काहीच कळत नाही. उलट ती अगदी गळाला चिकटून असेल, तर सावध माशाला तिचे ओझे जाणवते. दोन इंचांपासून सुरुवात करून एकेक इंच वाढवत जावे. गोळीच्या वजनालाही हेच लागू आहे. बाजारात एसएसजी, एएए, बीबी अशा नावांच्या गोळ्या मिळतात. एएए सुमारे ०.८ ग्रॅमची आणि बीबी तिच्या निम्मी, म्हणजे ०.४ ग्रॅमची असते. काठापासून पाच-सहा मीटरवर, वारा नसताना बीबी पुरते. वारा वाहत असेल किंवा थोडे दूर टाकायचे असेल तर एएए घ्यावी आणि फ्लोटही त्या मानाने मोठा लावावा. फ्लोट मोठा आणि गोळी हलकी अशी जोडी केली, तर ताण देताच फ्लोटच गोळीला तळावरून उचलतो आणि सारी मांडणी वाऱ्याबरोबर वाहू लागते.

प्रश्न : खोली मोजण्यावर सगळे इतका भर का देतात? मी अंदाजाने फ्लोट सरकवतो. आमच्या तळ्याच्या तळाशी गाळही बराच आहे. — एक वाचक, रेडिंग

उत्तर : कारण वर सांगितलेली सारी यंत्रणा दोन-चार इंचांच्या हिशोबावर उभी आहे. आपला अंदाज एक फुटाने चुकला, तर एक तर आमिष तळापासून फूटभर वर लटकते किंवा तळावर इतका ढिला तंगूस पडून राहतो की मासा आमिष घेऊन, चावून, थुंकून निघून गेला तरी फ्लोटला त्याची वार्ता लागत नाही. गळ टाकणाऱ्या नवख्या माणसाची निम्मी निराशा येथेच जन्मते, असे माझे स्पष्ट मत आहे. महागडी काठी घेण्याआधी खोली मापण्याचे छोटे वजन घ्यावे. काठीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

या वजनाच्या बुडाला बुचाची पट्टी असते. गळ त्याच्या कडीतून ओवून बुचात टोचायचा आणि जेथे आमिष टाकायचे तेथेच वजन हलकेच सोडायचे. फ्लोट पाण्याखाली गडप झाला तर अंतर कमी आहे, तो वर सरकवावा. फ्लोट आडवा पडून राहिला तर अंतर जास्त आहे, तो खाली घ्यावा. नेमके टोक पाण्याच्या पातळीला आले की खोली सापडली. त्यानंतर लिफ्ट पद्धतीसाठी फ्लोट आणखी दोन ते सहा इंच वर न्यावा. मोजून झाल्यावर गळ रिळाच्या दांडीला अडकवावा, तंगूस काठीच्या बाजूने ताणावा आणि फ्लोट जेथे येतो तेथे काठीवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करावी. तंगूस तुटून नव्याने मांडणी करावी लागली तर ही खूण फार उपयोगी पडते.

एकाच जागी मोजून थांबू नये. काठापासून पुढे पुढे मोजत जावे म्हणजे उतार कोठे संपतो आणि सपाट तळ कोठे सुरू होतो ते कळते. उताराच्या पायथ्याची ती रेषा टेंचच्या येण्याजाण्याची वाट असते आणि वाऱ्याने हलणारे खाद्यही घरंगळत तेथेच साठते. कमळाच्या पानांची कड आणि ही रेषा जेथे जवळ येतात, ती जागा मी प्रथम निवडीन.

गाळाविषयी. मोजण्याचे वजन काळ्या, सडक्या वासाच्या चिखलाने माखून वर आले, तर त्या ठिकाणी जड गोळी आमिषासकट खाली रुतेल. दोन-चार हात बाजूला सरकून टणक, स्वच्छ तुकडा शोधावा. बहुतेक तळ्यांत तो सापडतो. न सापडल्यास गोळी शक्य तितकी हलकी करावी, गळापासून तिचे अंतर वाढवावे आणि मक्याऐवजी पावाचा मऊ गर लावावा, कारण तो सावकाश उतरतो आणि गाळावर अलगद बसतो. जुने इंग्रज गळकरी टेंचच्या जागेवर दोरीला बांधलेला लोखंडी दाताळा टाकून तळ ओरबाडत असत, आणि काही जण आजही ते करतात. पाणवनस्पती निघून जागा साफ होते, शिवाय ढवळलेल्या गाळातून बाहेर पडणारे किडे-अळ्या खायला टेंच थोड्याच वेळात येतो. मात्र दाताळा वापरण्यापूर्वी क्लबला विचारावे.

प्रश्न : बुडबुड्यांवरून मासा ओळखता येतो का? आणि टेंचच्या साहित्यावर कार्प लागला तर काय करावे? मागच्या रविवारी माझा तंगूस ताडकन तुटला. — एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : बऱ्याच अंशी ओळखता येतो. टेंच गाळात तोंड खुपसून चरतो तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक बुडबुड्यांचा फेस एका जागी सळसळत वर येतो, सोड्याची बाटली उघडावी तसा. कार्पचे बुडबुडे मोठे, झुबक्यांनी येणारे आणि पुढे पुढे सरकणारे असतात. बरोबर गाळाचा ढगही उठतो. कुजणाऱ्या तळातून सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे मात्र कोणत्याही माशाशिवाय येतात. ते एकाच बिंदूतून थांबून थांबून येत राहतात, त्यांच्या नादी लागू नये.

हातात आल्यावर मात्र शंका राहत नाही. टेंच शेवाळी हिरवा, बारीक खवल्यांचा, अंगावर जाड बुळबुळीत थर असलेला आणि लहान लाल डोळ्यांचा असतो. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक छोटी मिशी असते. कार्पला चार मिशा असतात. क्रुशियन कार्प नावाचा तिसरा, सोनेरी आणि गोलसर मासा याच तळ्यांत भेटतो, त्याला मिशा नसतात. टेंचमधील नर ओळखायचा असेल तर पोटाखालचे पर पाहावेत. नराचे ते मोठे, चमच्यासारखे पसरट असतात आणि त्यांचा एक काटा ठळक जाड असतो.

तंगुसाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. टेंचसाठी चार ते सहा पौंडांचा, म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारा, तंगूस सर्वसाधारणपणे योग्य ठरतो. पण त्याच तळ्यात दहा-पंधरा पौंडांचे कार्प आहेत हे ठाऊक असताना चार पौंडांचा तंगूस लावणे मला योग्य वाटत नाही, मग टेंच कितीही लाजरा असो. तुटलेला तंगूस आपल्यासाठी एका रविवारची हळहळ असतो, माशाच्या तोंडात मात्र तो गळासकट राहतो. अशा तळ्यावर आठ पौंडांचा तंगूस, दहा क्रमांकाचा मजबूत गळ आणि त्या ताकदीला शोभेल अशी लवचीक काठी घ्यावी. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे नवीन वाचकांनी ध्यानात ठेवावे. रिळाचा क्लच आधीच अशा बेताने सैल करून ठेवावा, की हाताने जोरात ओढल्यावर तंगूस तुटण्याआधी सुटू लागेल. आपला तंगूस ‘ताडकन’ तुटला असे आपण लिहिता, त्यावरून क्लच घट्ट होता अशी मला दाट शंका येते.

कार्पसाठी मांडणीही किंचित बदलावी. त्याचे अंग मोठे, तो आमिष घेतो आणि चालू लागतो. तेव्हा फ्लोट वर उठण्याऐवजी तिरका सरकत नाहीसा होतो. म्हणून पानांच्या कडेला सहा इंच ते फूटभर तंगूस तळावर लोळू द्यावा आणि फ्लोट अर्धा कललेला ठेवावा. काठी सोडून चहा आणायला जाऊ नये. टेकणीवरून काठी पाण्यात खेचून नेणे हा कार्पचा नेहमीचा उद्योग आहे.

फ्लोट लावून मोठा कार्प निघू शकतो का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. साधी आमिषे आणि काठाजवळचे पाणी यांना कमी लेखू नये, एवढेच सांगतो. हियरफर्डशरमधील रेडमायर या लहानशा तळ्यात १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा कार्प पकडला. तो जिवंत ठेवून लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात नेण्यात आला आणि ब्रिटनचा विक्रम म्हणून त्याचे नाव १९८०पर्यंत टिकले. त्या वर्षी ख्रिस येट्स यांनी ५१ पौंडांहून मोठा कार्प त्याच रेडमायरमधून काढला.

प्रश्न : परवाना, बंदीचा काळ आणि क्लबचे सभासदत्व यांत माझा गोंधळ उडतो. मुलगा बारा वर्षांचा आहे. — एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिली म्हणजे सरकारी परवाना. इंग्लंडमध्ये तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी तो लागतो. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना तो विनामूल्य मिळतो, पण काढावा लागतोच. आपल्या मुलाला तो अजून लागत नाही. परवाना नसल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या तळ्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी. परवाना खिशात असला तरी ती लागतेच आणि ती नसताना काठावर बसणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घुसणे होय.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा बंदीचा काळ असतो आणि १६ जूनची पहाट अनेकांसाठी सणासारखी असते. बहुतेक तळ्यांवरची सरकारी बंदी १९९५मध्ये आणि बहुतेक कालव्यांवरची २०००मध्ये उठली. तरी काही मालक आणि क्लब आपल्या तळ्यांवर ती स्वेच्छेने पाळतात, म्हणून नियमांची पुस्तिका वाचावी. टेंचसाठी एरवीही मे ते सप्टेंबर हाच काळ भला. थंडीत तो तळाशी निपचित पडून असतो.

प्रश्न : मोरपिसाच्या दांडीचा फ्लोट सर्वोत्तम असे ऐकले. पुढच्या महिन्यात पुण्याला येणार आहे. येताना थोडी मोरपिसे घेऊन यावी म्हणते. — एक वाचिका, स्लाउ

उत्तर : कृपया आणू नयेत. भारतात झडलेली मोरपिसे बाळगण्यास किंवा देशांतर्गत विकण्यास मुभा असली, तरी ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे आणि विमानतळावर सीमाशुल्क विभाग सामानातून ती जप्त करतो. ‘चारच तर पिसे आहेत’ हे म्हणणे तेथे चालत नाही. इंग्लंडमध्ये पाळलेल्या मोरांची पिसे आणि त्यांचे तयार फ्लोट सहज मिळतात.

आपण ऐकलेले मात्र खरे आहे. या दांडीच्या आतला गर पांढरा, हलका आणि स्पंजासारखा असतो, त्यामुळे बारीक असूनही ती चांगली तरंगते. लिफ्ट पद्धतीसाठी चार ते सहा इंचांचा तुकडा पुरेसा होतो. दोन्ही टोके वार्निशने बंद करावीत, नाहीतर गर पाणी पितो. वरच्या अर्ध्या इंचाला भडक केशरी रंग द्यावा आणि खालच्या टोकाला सिलिकॉनच्या नळीचा छोटा तुकडा चढवून त्यातून तंगूस ओवावा. फक्त खालच्या टोकाला जोडण्याचे कारण असे, की मग तंगूस पाण्याखाली राहतो आणि वाऱ्याला तो धरता येत नाही. आमिष हव्या त्या जागेच्या थोडे पलीकडे टाकावे, काठीचे टोक पाण्यात बुडवावे आणि रिळाच्या दोन-तीन वेढ्यांनी तंगूस बुडवून घ्यावा.

गोळ्यांविषयीही एक सूचना. आपल्या आजोबांच्या पेटीतल्या शिशाच्या गोळ्या नेण्याचा मोह टाळावा. हंस त्या गिळून विषबाधेने मरत असल्याचे दिसल्यावर १९८७पासून ब्रिटनमध्ये ०.०६ ग्रॅमहून जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आज दुकानात मिळणाऱ्या त्या वजनांच्या गोळ्या इतर धातूंच्या असतात.

प्रश्न : स्वयंपाकघरातले कोणते पदार्थ आमिष म्हणून चालतील? — एक वाचक, हाउन्स्लो

उत्तर : डब्यातला गोड मका, पावाचा गर आणि कणीक यांवर सारा उन्हाळा काढता येतो. कणीक चपातीपेक्षा थोडी सैल मळावी आणि गळावर लावल्यानंतर त्याचे टोक मोकळे आहे ना ते पाहावे. बागेतली जाड गांडुळे टेंचला फार प्रिय, पण ती काठावरच्या प्रत्येक छोट्या पर्च माशालाही प्रिय असतात. काबुली चणे कार्पसाठी उत्तम. मात्र ते दिवसभर भिजवून मऊ शिजेपर्यंत उकडलेलेच हवेत, कारण कोरडे कडधान्य माशाच्या पोटात फुगते आणि त्याच्या जिवावर बेतते. काही क्लबांनी याच भीतीने कडधान्यांवर सरसकट बंदी घातली आहे. चारा टाकताना सुरुवातीला मुठी मुठींनी न टाकता आठ-दहा दाणे टाकावेत, आणि पुढे प्रत्येक माशानंतर पुन्हा तेवढेच.

प्रश्न : आईवडील येथे आले असता मी पकडलेला चार पौंडांचा टेंच पाण्यात सोडून दिला. वडील म्हणाले, “सोडायचाच होता तर पकडलास कशाला?” मला उत्तर सुचले नाही. — एक वाचक, लीड्स

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि तो खोडून काढण्याची गरज नाही. ते ज्या पाण्यावर वाढले तेथे मासा हे अन्न होते. मध्य व पूर्व युरोपातही कार्प नाताळच्या जेवणात मानाने वाढला जातो. इंग्लंडमध्ये मात्र तळ्यातला मासा मालकाचा किंवा क्लबचा असतो, त्याच्या परवानगीशिवाय तो नेणे बेकायदा आहे, आणि आपण त्या दिवसाचे पैसे मासा पकडण्याच्या आनंदासाठी भरलेले असतात. तळ्यातला मोठा कार्प कित्येक वर्षांचा असतो आणि अनेकांच्या गळाला लागून गेलेला असतो. वडिलांना एवढे सांगावे आणि त्यांना चांगला मासा खायचा असल्यास बाजारातून आणून द्यावा; गाळातल्या टेंचची चव त्यांना फारशी रुचली नसती, असे मला वाटते.

सोडायचा म्हटल्यावर तो धड सोडावा, ही जबाबदारी येते. टोकाजवळ उलटा काटा नसलेला गळ वापरावा. मासा हातजाळीत आल्यावर गवतावर किंवा खडीवर न ठेवता ओल्या, मऊ गादीवर ठेवावा आणि हात आधी पाण्यात भिजवावेत, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तो थर जंतूंपासून त्याचे रक्षण करतो. छायाचित्र काढायचे असल्यास गुडघे टेकून, गादीच्या वरच मासा धरावा. सोडताना पाण्यात फेकू नये. दोन्ही तळहातांवर धरून त्याने स्वतः शेपूट हलवेपर्यंत थांबावे.

प्रश्न : आपल्याकडे टेंच मिळतो का? आणि ही पद्धत मुंबई-पुण्याच्या तलावांत चालेल का? — एक वाचक, अंधेरी

उत्तर : महाराष्ट्रात टेंच नाही. इंग्रजांनी १८७४मध्ये तो निलगिरीत, उटीच्या पाण्यात आणून सोडला, कारण त्याला लागणारा गारवा तेथेच होता. कार्प मात्र आपल्याकडे भरपूर आहे. आरशासारख्या मोठ्या खवल्यांचा प्रकार १९३९मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि उष्ण हवेत वाढणारा दुसरा प्रकार १९५७मध्ये बँकॉकहून आला. आपले मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणून विकतात तो हाच. तोही तळाचा गाळ उकरत चरतो, त्यामुळे वर कार्पसाठी सांगितलेली मांडणी त्याला जशीच्या तशी लागू पडते.

देशी माशांत मृगळ हा तळाशी चरणारा. त्याच्यासाठीही ती चालेल. रोहू मधल्या थरात वावरतो आणि कटला वरच्या, तेव्हा त्यांच्यासाठी गोळी तळावर टेकवून बसण्यात अर्थ नाही. आमिषाच्या कणकेत थोडा भाजलेला शेंगदाण्याचा कूट मिसळला तर वास चांगला सुटतो. पावसाळ्यात नवे पाणी येऊन तलाव गढूळ झालेला असताना पातळी भराभर बदलते, त्यामुळे खोली दर तासाला मोजावी लागेल.

पवईला जाणार असाल, तर तेथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. परवानगी आणि जागा याविषयी आधी त्यांच्याकडे चौकशी करावी. धरणांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, तेथे त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. इंग्रज टेंचसाठी अगदी पाण्याला खेटून, खाली वाकून बसतात, ते मात्र पवईत करू नये. त्या तलावात मगरी आहेत. बसण्याची जागा उंचावरची निवडावी, हातजाळीचा दांडा लांब घ्यावा आणि पाय पाण्यात सोडून बसू नये.